आडवी बाटली

मी चित्रकलेचा मास्तर. गडहिंग्लजच्या अलीकडच्या एका गावात
तेवीस वर्षं फळ्यावर मडकं, जास्वंद, सफरचंद.
त्या जानेवारीत मल्लव्वा हत्तरगी आली,
व्हरांड्यात चप्पल काढून म्हणाली,
"मास्तर, आमास्नी बाटली काढून द्या.
एक उभी, एक आडवी."

बाटली मला पाठ होती.
मान, खांदा, लेबलाचा सुटलेला कोपरा;
घरच्या कपाटात, पुरवण्यांच्या गठ्ठ्यामागं
एक कायम उभी असायची.
त्यामुळं उभी लगेच जमली.
आडवी तीनदा पुसली.
पडली आहे की झोपली आहे, ते ठरेना.
मागून जैबून नदाफ म्हणाली,
"आमचा मालक पडतोय तशी काढा की!"
सगळ्या हसल्या.
मल्लव्वा खडूकडं बघत राहिली.

डेअरीला दूध घालून, भाकऱ्या थापून
त्या रात्री नऊला यायच्या,
पहिलीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायच्या.
शिक्का कसा धरायचा,
घडी कुठं मोडायची म्हणजे शाई पलीकडं उठत नाही.
बाळाक्का घस्तेनं अकरा निवडणुका बघितलेल्या.
"छत्री म्हणले की छत्री, कपबशी म्हणले की कपबशी.
ह्या बाटलीचं कोण सांगणार?"
कुणी बोललं नाही.
बाहेर गुऱ्हाळावर काहिल उतरत होती,
गोड वास खिडकीतून आत आला
आणि बाळाक्कानं पदरानं उगीचच बाक पुसला.

मग यादी आली. चौदा पानं.
बायका सातशे बारा.
पाहिजेत तीनशे सत्तावन्न.
आलेल्यांतल्या निम्म्या नव्हेत, यादीतल्या निम्म्या.
म्हणजे जी आली नाही तिनं बाटली उभी धरली.
इचलकरंजीत कांड्या भरते ती,
कालच बाळंत झाली ती,
सरणावर गेली तीसुद्धा.
मेलेल्या सोळा निघाल्या.
मल्लव्वाची पेन्सिल एका नावावर थांबली.
"गौरव्वा. माझी थोरली.
थेंबाला शिवली न्हाई कधी, दारूनंच गेली.
आन् आता सरकारच्या हिशोबात
दुकानदाराकडनं उभी हाय."

त्या वर्षी तीनशे अठ्ठेचाळीस पडली.
नऊ कमी.
दुकानापुढं हलगी वाजली, फटाक्याची माळ
शाळेच्या फाटकापर्यंत ओढली होती.
सकाळी पोरांनी लाल कागद गोळा केले,
मी त्यांना कोलाज करायला लावलं. दुसरं काय सुचणार?

पुढचं वर्ष त्यांनी मेलेल्यांवर घालवलं.
सोळा दाखले, सोळा अर्ज,
तहसीलात साहेब जेवायला गेलेले,
साहेब दौऱ्यावर गेलेले,
शेवटी साहेबच बदलून गेलेले.
गौरव्वाच्या नावावर काट बसली
त्या दिवशी मल्लव्वानं एसटी स्टँडवर
सगळ्यांना भडंग घेतला.
"सुटली," म्हणाली.
आता सहाशे शहाण्णव. पाहिजेत तीनशे एकोणपन्नास.
मागच्यापेक्षा एकच जास्त.

एकच.
मागच्या वेळी माझी बायको गेली नव्हती.
मी नको म्हणालो नव्हतो.
एवढंच म्हणालो होतो, कुमुद, पाव्हणे येणार आहेत,
आणि पाव्हणे आले नव्हते.

दुसऱ्या मतदानाला मी काहीच बोललो नाही.
ती धुवट पातळ नेसून गेली.
रांग हायस्कूलच्या हौदापर्यंत होती,
इचलकरंजीच्या गाडीतून उतरलेल्या पोरी
बोटाला लागलेला सुताचा फुफाटा झटकत पळत होत्या.
ती परतली, हात धुतले,
शाईच्या बोटानंच कणीक मळली.
कुणाला दिलंस, असं विचारायची
माझी लायकी नव्हती. आणि ते गुप्त असतं,
मीच तर शिकवलं होतं.

मोजणी चालू असताना, दिवेलागणीला,
कपाट उघडलं.
पुरवण्यांमागं बाटली होती.
भरलेलीच. बूच घट्ट.
आडवी.